आधी पाणी, मग पक्षी: चोडणच्या चिखलपट्ट्यातले पाहुणे पाहताना

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालं की जांबोटीच्या पुढे कणकुंबी लागते. इथे पडणारा पाऊस कुठल्या समुद्राला जाणार हे एका डोंगरधारेवर ठरतं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते. गोव्यात तिची मांडवी होते आणि जेमतेम ८० किलोमीटरचा प्रवास करून ती पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच्या जरा अलीकडे, म्हापसा नदी जिथे मांडवीत येते तिथे, चोडण नावाचं बेट आहे. या बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ अवघं १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात आपण बेटावर.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी हल्ली कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन तिथे जातात. त्यांतले पुष्कळ जण 'पक्षीच नव्हते हो' असं म्हणत परततात. हिवाळ्यात तिथे पक्षी नाहीत असं सहसा होत नाही. आपण पोहोचतो तेव्हा पाणी नको तिथे असतं, एवढंच. डोंगरातल्या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यावर चालतं, आणि आपल्याला, म्हणजे घाटमाथ्यावरच्या लोकांना, तेवढंच माहीत असतं: भल्या पहाटे जा, पक्षी दिसतील. खाडीतल्या पक्ष्यांचं घड्याळ चंद्रावर चालतं. ते समजलं तर साध्या कॅमेऱ्यातही चांगलं काम होतं. ते न समजता लाखाची लेन्स नेली तरी लांबवर ठिपके तेवढे मिळतात.

इथे मी ज्या पक्ष्यांबद्दल लिहितोय त्यांना इंग्रजीत वेडर किंवा शोअरबर्ड म्हणतात. चिखलात, उथळ पाण्यात चालत खाणं शोधणारे हे पक्षी. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, पाणलावा, आपली टिटवी ही सगळी त्याच गोतावळ्यातली. बगळे आणि बदकं पाण्याजवळच राहतात, पण ती मंडळी वेगळी.

सुरुवात चिखलापासून करू, कारण सगळं त्यावर उभं आहे.

डोंगरातून येणाऱ्या नदीच्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ते सहजासहजी खाली बसत नाहीत. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की क्षारांमुळे हे लोटणं थांबतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाला जातात. म्हणून नदी आणि समुद्र जिथे मिसळतात तिथे गाळाचे पट्टे तयार होतात. चोडणला हा गाळ धरून ठेवायला कांदळवन आहे. झाडांची मुळं पाण्याचा वेग कमी करतात, वरून पाला पडतो आणि तो गाळात कुजतो. कुजलेल्या पाल्यावर जिवाणू वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव, त्यांच्यावर गांडुळासारखे समुद्री किडे, बारीक शिंपल्या, कुर्ल्या, कोळंबीची पिल्लं. वरून बघणाऱ्याला सपाट राखाडी चिखल दिसतो, पण त्याच्या वरच्या वीतभर थरात जीव नुसते खच्चून भरलेले असतात.

म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी तो शमलेला नाही. कोणाला किती पाणी मिळावं हा तहानलेल्या गावांचा प्रश्न आहे आणि तो मी हलका मानत नाही. मात्र आपल्याकडे चर्चेत हमखास येणारं 'पाणी नुसतं समुद्रात वाया जातं' हे वाक्य मला पटत नाही. समुद्राला मिळण्याआधी ते पाणी काय काय करतं हे चोडणच्या काठावर उभं राहून बघता येतं. त्या चिखलात खानापूरच्या डोंगरातली मातीही आहे.

आता भरती-ओहोटी. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी आठला भरती असेल तर उद्या नऊच्या जरा आधी. गेल्या रविवारी सकाळी सातला चिखल उघडा होता म्हणून या रविवारी सातलाच गेलात, तर पाणी पार बांधाला लागलेलं असेल.

कोकणात यासाठी एक तोंडी हिशेब चालत आलाय. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसालाही लागू आणि रात्रीलाही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चोडण समुद्रापासून जरा आत असल्यामुळे पाणी तिथे थोडं उशिरा पोहोचतं, शिवाय वाऱ्याचाही परिणाम होतो, म्हणून अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक पाहावंच, ते मोबाइलवर सहज मिळतं. पण घरात भिंतीवर कालनिर्णय असलेल्या माणसाला पुढच्या महिन्याची सहल ठरवायला एवढा हिशेब पुरतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

तिथीचा दुसराही उपयोग आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला ओढ काटकोनात असते, चढउतार कमी होतो. हा भांग. उधाणाच्या ओहोटीला एरवी कधीच न दिसणारा खोल चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांब लांब पांगतात. भांगाला खालचा चिखल पाण्याखालीच राहतो, पक्ष्यांना जागा कमी मिळते.

मग जायचं नेमकं कधी? पाणी उतरायला लागलं की पक्षी पाण्याच्या कडेकडेने खाली सरकतात, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात किडे वरच्या थरात असतात. ओहोटी म्हणजे त्यांची पंगत, आणि पंगतीचं पान पाण्याच्या काठाबरोबर सरकत राहतं. पूर्ण ओहोटीला हा काठ आपल्यापासून सगळ्यांत दूर असतो. नवख्या माणसाला वाटतं की चिखल जास्त तर पक्षी जास्त. असतातही, पण फोटोच्या टप्प्याबाहेर. खरी वेळ म्हणजे चढतं पाणी. भरती सुरू झाली की पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणतं. आपण काठाला न हलता बसलेलो असलो तर पूर्ण भरतीच्या आधीच्या दीड-दोन तासांत ते स्वतःहून जवळ येतात.

याला सकाळचा उजेड जोडायचा असेल तर भरती नऊ-दहाच्या सुमाराला हवी, म्हणजे पहाटे साडेसहापासून पाणी चढत राहील. हिशेब लावला तर तिथी निघते द्वादशी-त्रयोदशी, शुद्ध किंवा वद्य कुठलीही. महिन्यात अशा दोन संधी. त्यातली एक शनिवार-रविवारला धरून आली तर ती सोडू नये. इतक्या पहाटे पोहोचायचं तर आदल्या रात्रीच पणजी किंवा रायबंदरकडे मुक्काम करावा. रात्री दोन-तीनला निघून चोर्ल्यातली वळणं धुक्यात कापत जाण्याला माझा विरोध आहे.

भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो. मग पक्षी काय करतात? उंचवट्यावर एकत्र जमून आराम करतात. खाडीतलं एखादं बेटुक, खाजनाचा बांध, मिठागराचे वाफे अशा जागा त्यांना लागतात. गोव्यात खाडीकाठची सखल जमीन बांध घालून समुद्रापासून राखली जाते, तिला खाजन म्हणतात. बांधाला 'मानस' नावाची झडप असते, तिने पाणी आतबाहेर करता येतं. भात आणि मासळीसाठी केलेली ही जुनी व्यवस्था भरतीच्या वेळी पक्ष्यांचं विश्रांतीचं ठिकाण होते. पणजी-रायबंदर रस्त्याच्या कडेची मिठागरंही तशीच. चोडणला पाणी चढलं म्हणून परतू नका, अशा ठिकाणी जाऊन बघा. शेकडो पक्षी एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, सगळ्यांची तोंडं वाऱ्याच्या दिशेला. वाऱ्याकडे तोंड असलं की पिसं विसकटत नाहीत आणि उडायला सोपं जातं.

पक्ष्यांची ओळख पटवण्याआधी चोच बघायला शिकावं. एकाच चिखलात इतक्या जाती कशा काय पोट भरतात, याचं उत्तर चोचीत आहे. छोटा स्टिंट हा चिमणीएवढा पक्षी, वजन जेमतेम २५-३० ग्रॅम. त्याची चोच दोन सेंटिमीटरचीही नसते, म्हणून तो वरवरचं टिपतो. रेडशँक त्याहून खोल जातो. गॉडविटची लांब सरळ चोच आणखी खोल. कर्ल्यूची खाली वाकलेली चोच १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब असते, मादीची तर नरापेक्षा मोठी. बिळात वाकडा शिरलेला खेकडा ती बाहेर ओढून काढते. प्रत्येकाचा थर वेगळा असल्यामुळे एकाच पट्ट्यात सगळ्यांचं भागतं.

लांब चोचीच्या पक्ष्यांना चिखलातलं भक्ष्य दिसत नाही. मग सापडतं कसं? त्यांच्या चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खड्डे असतात आणि त्यांत स्पर्श, कंप आणि दाब जाणणारे चेतातंतूंचे गुच्छ. किडा जरा वळवळला तरी तो कंप चोचीला कळतो. नॉट नावाच्या पक्ष्यावर झालेल्या प्रयोगांतून असं दिसलंय की ओल्या वाळूत न हलणारी शिंपलीही त्याला सापडते, कारण चोच खुपसल्यावर पाण्याचा जो दाब पसरतो त्यात कठीण वस्तूमुळे होणारा फरक त्याला जाणवतो. अनेक जातींना चोचीचं फक्त टोक उघडता येतं, बाकीची चोच मिटलेलीच. खोल चिखलात पूर्ण चोच उघडायला फार जोर लागला असता. ही करामत बघायला गोव्यालाही जायला नको. वडगाव-येळ्ळूरकडच्या भातशेतांत पाणलावा येतो, तोही याच पद्धतीने खातो.

चिखल्यांची तऱ्हा उलटी. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे. ते चार पावलं पळतात, एकदम थांबतात, बघतात आणि टिपतात. पुन्हा पळतात. तुतवार मंडळी सतत मान खाली घालून टोचत राहते. दुर्बिणीतून रंग दिसण्याइतकं अंतर नसलं तरी ही चाल ओळखू येते, आणि दूरच्या घोळक्यात कोण आहे याचं निम्मं उत्तर चालीतच मिळतं.

हिवाळ्यातले वेडर एकसारखे करडे-तपकिरी दिसतात आणि नवखे तिथेच कंटाळतात. माझं सांगणं असं की पहिल्या हंगामात पाचच पक्षी पक्के करा. पहिला तुतवार. तो चालताना आणि उभा असतानाही मागचा भाग सतत खालीवर हलवतो, खांद्याजवळ पांढरी पट्टी वर चढलेली असते आणि उडताना पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत जातो. दुसरा रेडशँक, तांबडे-नारिंगी पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. तिसरा ग्रीनशँक, हिरवट पाय, किंचित वर वळलेली चोच, उडताना पाठीवर वरपर्यंत गेलेली पांढरी पाचर. चौथा शेकाट्या, त्याचे गुलाबी लांब पाय बघून चूक होणारच नाही. पाचवा सँड प्लोव्हर, म्हणजे वाळूच्या रंगाचा छोटा चिखल्या. एवढे ओळखता आले की सहावा पक्षी त्यांच्याहून वेगळा आहे हे आपोआप लक्षात येतं.

यातले बहुतेक जण इथले नव्हेत. सँड प्लोव्हर तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर पिल्लं वाढवतो. छोटा स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतात. ऑगस्टमध्ये पहिले प्रौढ पक्षी पोहोचतात, त्या वर्षीची पिल्लं बहुधा मागाहून येतात, आईबापांची सोबत नसताना. परत जाणं मार्च-एप्रिलमध्ये, काही मेच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतात. एप्रिलमध्ये उकाडा असतो म्हणून लोक जात नाहीत, पण मला तो महिना फार आवडतो. तेव्हा करड्या पिसांच्या जागी विणीचे रंग चढायला लागतात. सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा येतो, कर्ल्यू सँडपायपरचं अंग तांबूस होतं.

या प्रवासाची ताकद किती असते याचं एक नोंदलेलं उदाहरण देतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलेलं बार-टेल्ड गॉडविटचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघून ११ दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोहोचलं. अंतर १३,५६० किलोमीटर. वाटेत एकदाही खाली उतरलं नाही. आपल्या किनाऱ्यावर येणारे बार-टेल्ड गॉडविट त्या मार्गाचे नव्हेत, पण जात तीच. असं उड्डाण करण्याआधी काही जातींचे पक्षी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात. वाढलेलं वजन मुख्यतः चरबी, म्हणजे इंधन. गॉडविट तर निघण्याआधी जठर-आतड्यांचा आकारही कमी करतात, न लागणारं ओझं वाहायला नको म्हणून.

फोटो काढताना कसं वागायचं हे यावरूनच ठरतं. पक्ष्याला खायला मिळणारा वेळ ओहोटीपुरताच असतो. ओहोटी रात्री आली तर तो रात्रीही खातो. आपण एकदा घोळका उडवला तर त्याची खाण्याची मिनिटं जातात आणि साठवलेली चरबीही खर्च होते. दिवसभरात दहा जणांनी तेच केलं तर हिशेब अंगावर येतो. सगळेच पक्षी एकदम उडाल्याचा फोटो दिसायला झकास असतो, पण मुद्दाम उडवून काढलेला असा फोटो बघितला की मला त्रास होतो. पक्षी उडण्याआधी खुणा देतो. खाणं थांबवून मान ताठ करतो, मग आपल्यापासून तिरका चालत दूर जायला लागतो, काही जाती डोकं झटक्याने वरखाली करतात. यातली पहिली खूण दिसली की थांबायचं, खाली बसायचं. तो पुन्हा खायला लागला तर आपलं अंतर बरोबर आहे.

होडीतून जाणार असाल तर होडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा, 'दादा, सरळ अंगावर नको, बाजूबाजूने घ्या, आणि इंजिन लांबच बंद करा.' होडी सरळ आली तर पक्ष्याला ती चाल करून आल्यासारखी वाटते, आडवी वाहत गेली तर तो बऱ्याचदा खातच राहतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नये. ड्रोन तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला आणि फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते, ती आणि कॅमेऱ्याची पावती आधी घ्यावी. चिखलात स्वतः उतरू नये. वरून घट्ट दिसणारा पट्टा मांडीपर्यंत आत घेतो आणि पाणी मागून चढत असतं.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. ८ बाय ४२ लिहिलेली दुर्बीण म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढची भिंग ४२ मिलिमीटरची. खाडीसाठी हीच बरी. बारा किंवा सोळा पटीची दुर्बीण हातात थरथरते, होडीत तर तिच्यातून काहीच दिसत नाही. कॅमेरा आणि दुर्बीण यांपैकी एकच घेण्याइतके पैसे असतील तर दुर्बीण घ्या, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

कॅमेऱ्यात मात्र काही गोष्टी चिखलासाठी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली उजेडाची. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करडी करायला बघतो. चकाकत्या पाण्यावर गडद तुतवार उभा असेल तर कॅमेरा पाण्याला घाबरून सगळं काळोखं करतो आणि पक्ष्याची नुसती सावली उरते. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय, अधिककडे न्यायची, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). काळ्या चिखलावर पांढराशुभ्र बगळा असेल तर उलटं होतं, चिखलाला उजळवण्याच्या नादात बगळ्याची पिसं पांढरीफट्ट होऊन जातात. तिथे उणे करायचं. पाणी, चिखल आणि पक्षी क्षणाक्षणाला बदलत असल्यामुळे हे बटण बोटाखाली असावं, मेनूत शोधत बसायची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट शटरची. चालणाऱ्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं, पण टोचणारी चोच गोठवायला १/१०००, आणि उडत्या थव्याला १/२००० तरी हवं. होडीत असाल तर पक्षी उभा असला तरी १/१००० च्या खाली येऊ नका. यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला कशालाच उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि फोटोत सगळ्यांत जास्त फरक हीच करते. उभं राहून खाली कॅमेरा रोखला की पक्ष्याच्या मागे चिखल येतो, लगेच मागे, तितकाच स्पष्ट. करड्या पक्ष्यामागे करडा चिखल, फोटोत पक्षी हरवतो. बांधावर पालथं पडून किंवा होडीच्या कडेला कॅमेरा टेकवून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आलं की पाठीमागे लांबचं कांदळवन किंवा पाणी येतं, ते धूसर होतं आणि पक्षी सुटून दिसतो. वाकून बसलेला माणूस पक्ष्यालाही कमी भीतीदायक वाटतो. ४०० मिलिमीटरची लेन्स असली की भागतं. ६०० असेल तर उत्तम, पण ती घेऊन दूर उभं राहण्यापेक्षा ३०० घेऊन योग्य तिथीला योग्य जागी बसणारा माणूस चांगला फोटो आणतो.

चौथी गोष्ट उन्हाच्या झळांची. नऊ-साडेनऊनंतर चिखल तापतो आणि त्याच्यावरची हवा हलायला लागते. दूरचा पक्षी दुर्बिणीतून पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं लेन्स बिघडली किंवा फोकस चुकला. तसं काही नसतं, मधल्या हवेला इलाज नाही. जवळचे पक्षी टिपावेत, नाहीतर लेन्स खाली ठेवून दुर्बिणीने बघत बसावं.

हे सगळं शिकायला दर वेळी घाट उतरायची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यात समुद्र नसला तरी चिखल आहे, आणि इथली ओहोटी महिनोन्‌महिने चालते. हिडकल धरणाचं पाणी जानेवारीपासून उतरत जातं, इतकं की बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं. त्या उतरत्या पाण्याच्या काठाला दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो, आणि तिथे छोटा स्टिंट, वूड सँडपायपर, ग्रीनशँक, शेकाट्या, रिंगवाला चिखल्या असे सगळे येतात. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, १९७४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. कांड्या करकोच्यांसाठी त्याचं नाव आहे, पण काठाच्या चिखलाकडे बघणारे कमी. बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोपच्या काठालाही तुतवार ठरलेला. गदग जिल्ह्यातलं मागडी तळं पट्टकादंब हंसांसाठी प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये ते आणि कुमठ्याजवळची अघनाशिनी खाडी ही दोन्ही रामसर यादीत आली, म्हणजे त्यांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा दर्जा मिळाला. अघनाशिनीलाही भरती-ओहोटीचा वरचाच हिशेब लागू पडतो.

राकसकोपला किंवा हिडकलला तुतवाराची चाल, ग्रीनशँकची पाचर, शेकाट्याचे पाय हे सरावाचं झालं की चोडणला गेल्यावर डोळे फक्त नव्याकडे जातात. इथे उजेडाच्या बटणाचाही सराव होतो. इथलं पाणी सकाळभर जागचं हलत नाही, त्यामुळे चुकलेला फोटो पुन्हा काढता येतो.

शेवटी फोटोंचं काय करायचं ते. जे काढाल त्यावर तारीख, जागा आणि शक्य तर भरतीची वेळ लिहून ठेवा. ईबर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत पक्ष्यांची यादी संख्येसकट टाका, साध्या तुतवाराचीसुद्धा. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. तिच्यात बेळगावकडच्या तळ्यांच्या नोंदी जितक्या येतील तितक्या हव्या आहेत. आणि घरी आल्यावर प्रत्येक वेडरच्या पायांकडे फोटो मोठा करून नीट बघा. पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, ती डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, आणि वाचता आली तर अक्षरं, हे सगळं फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. तो पक्षी कुठल्या देशात आणि कुठल्या वर्षी पकडून सोडला होता याचा माग अशाच नोंदींवरून लागतो.